जावयाला फायबरचं वाण

नचिकेतच्या कंपनीची अट साधी होती. गाझियाबादच्या पत्त्यावर फायबरचं कनेक्शन हवं, लॅपटॉप त्याला तारेनं जोडलेला हवा, आणि दोन आठवड्यांची रजा संपल्यावर सोमवारी सकाळी अकराला कंपनीची तपासणी होईल तेव्हा ते सगळं चालू हवं. मोबाईलचा हॉटस्पॉट चालणार नाही, शेजाऱ्यांचं वायफाय चालणार नाही, क्लायंट बँकवाले आहेत. पास झालास तर दोन महिने सासुरवाडीत बसून खुशाल काम कर. नापास झालास तर पुण्याच्या ऑफिसात हजर हो.

सासुरवाडीत मैत्रेयी होती आणि तिला नववा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती गाझियाबादमधल्या वसुंधरातल्या आईवडलांच्या फ्लॅटमध्ये आली होती आणि तिच्या पाठोपाठ लॅपटॉप काखोटीला मारून नचिकेत. बाळ जन्माला येईल तेव्हा आपण पुण्यात कुणाचं तरी "आवाज येतोय का माझा" ऐकत बसलेलो नसावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

खरं तर यात अडण्यासारखं काही नव्हतं. नचिकेतचं पोट नेटवर्कवरच भरायचं. कुठली तार कुठल्या डब्याला चालते हे त्यानं झोपेत सांगितलं असतं. सोसायटीत फायबर देणारी एक कंपनी होती, तिचा राजबीर नावाचा माणूस रोज गेटपाशी वॉचमनच्या खुर्चीत बसून वॉचमनशी पत्ते खेळायचा. त्याला हाक मारायची, संपलं.

पण नचिकेत जावई होता, आणि महिना धोंड्याचा होता.

पहिल्याच संध्याकाळी तो बेसावधपणे म्हणाला, "बाबा, उद्या मी त्या इंटरनेटचं बघून घेतो."

भाऊसाहेबांनी चहाचा कप बशीत ठेवला. हे त्याचे सासरे. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात खरेदी विभागात त्यांची उभी हयात गेली होती, आणि निवृत्तीनंतर तो विभाग त्यांनी घरी आणला होता.

"तुम्ही बघून घेता?"

"म्हणजे, ऑर्डर करून टाकतो."

"जावईबापू, अधिक महिना तीन वर्षांनी येतो. लग्नानंतरचा हा तुमचा पहिला. आणि तुम्ही आमच्या घरात पदरच्या पैशानं वस्तू आणणार? लोक काय म्हणतील? भाऊसाहेबांनी जावयाला इंटरनेटसुद्धा स्वतःचं आणायला लावलं."

आजूबाजूला सगळे मेरठचे आणि लुधियानाचे. धोंड्याचा महिना म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगायलाच अर्धा महिना गेला असता. पण भाऊसाहेबांच्या डोक्यातले 'लोक' अजून सदाशिव पेठेतच राहत होते.

सासूबाई, म्हणजे अलकाताई, स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. "मी चांदीचं निरांजन बघून ठेवलं होतं. पण मैत्रू म्हणते त्याला उपयोगाचं काहीतरी द्या. मग हेच देऊ की. वाणात इंटरनेट."

"आई, यार, मी शर्ट म्हटलं होतं," सोफ्यावर आडवी झालेली मैत्रेयी म्हणाली.

"शर्ट काय, कुणीही देतं."

अशा रीतीनं इंटरनेट हे वाण झालं. आणि वाणाच्या वस्तूला, ते हातात पडेपर्यंत, जावयानं बोट लावायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी राजबीर वर आला. "अंकलजी, कुछ लेना ही नहीं है. फायबर हमारा, डब्बा हमारा. डब्बा रेंट पे, समझो फ्री."

"रेंट पे," भाऊसाहेब म्हणाले.

"हां जी. वापस कंपनी का."

भाऊसाहेब नचिकेतकडे वळले. "म्हणजे मालकी कंपनीची. भाड्याची वस्तू दान कशी करणार? पुण्य मग त्या कंपनीला लागेल. नाही, डबा आपणच विकत घ्यायचा. चलो राजबीर, तुम फायबर डालो, डब्बा हम लाएंगे."

राजबीरला आनंदच झाला. त्यानं गच्चीवरून एक काळी बारीक तार सोडली, बाल्कनीतून आत घेतली, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात तिचं वेटोळं ठेवलं आणि आपला डाव पुरा करायला खाली गेला.

"मी येतो तुमच्याबरोबर दुकानात," नचिकेत म्हणाला.

"तुम्ही लाभार्थी. लाभार्थी खरेदी समितीवर बसत नाही. हितसंबंध येतात."

"मग मॉडेल लिहून देतो. त्यांना दाखवा फक्त."

"एकाच मॉडेलचं नाव देणं म्हणजे एका विक्रेत्याला झुकतं माप. ऑडिट पहिला आक्षेप तिथेच काढतं."

"बाबा, इथे ऑडिट कोण करणार?"

भाऊसाहेबांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

तेव्हा नचिकेतनं नाव न घेता वर्णन सांगितलं. फायबर घेणारा डबा, मागच्या भोकाचा रंग हिरवा, कारण तारेच्या टोकाचा रंग हिरवा. फायबर कंपनीच्या सिस्टीमला ओळखता येईल असा. भाऊसाहेबांनी मान डोलावली, अलकाताईंना समितीचं सदस्य करून घेतलं, आणि समिती भाजणारी लू वाहत असताना मेट्रोनं नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात गेली. तीन दुकानांतून तीन दरपत्रकं घेतल्याशिवाय खरेदी करायची नाही, हा नियम त्यांनी लग्नाच्या शालूलाही लावला होता. समिती परत आली ती उन्हानं लाल होऊन आणि एक पांढराशुभ्र डबा घेऊन. त्याच्या मागचं भोक निळं होतं.

नचिकेतनं वाकून ते पाहिलं. "आई, हिरव्या भोकाचा नव्हता का?"

"होता की. पण तो काळा होता. वाणात काळं देत नाहीत," अलकाताई म्हणाल्या. "आणि हा निळा पडद्यांना किती छान जातो बघा."

"हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. एकमेकांत बसतात, पण मध्ये फट राहते. उजेड तिथेच सांडतो."

"सांडला तर सांडला, पुसून घेऊ."

"बसतं ना पण?" भाऊसाहेबांनी मुद्द्याला हात घातला.

"बसतं, पण..."

"बसलं की झालं. मंत्रालयात पस्तीस वर्षं मी न बसणाऱ्या वस्तू चालवल्या आहेत."

राजबीर आला, त्यानं तार डब्यात खुपसली, डब्यावर लाल दिवा लागला. त्यानं डबा उलटा केला, सुलटा केला, थोपटला. मग फोनवर कुणाशी तरी बोलून म्हणाला, "सिस्टम में तो ये डब्बा है ही नहीं. ऊपर बात करनी पड़ेगी." तो गेला, आणि वरच्यांशी त्याचं बोलणं होईपर्यंत पुढचा आठवडा गेला.

त्या आठवड्यात नचिकेत रोज सकाळी कोपऱ्यातल्या लाल दिव्याकडे बघायचा आणि चहा घ्यायचा. मधे एकदा त्यानं हळूच तिकडे हात नेला, तर अलकाताई आतून म्हणाल्या, "नचिकेतराव, तुम्ही बसा हो." त्यांना पाठीलाही डोळे होते. तो बाल्कनीत गेला. गच्चीवरून आलेल्या त्या तारेवर बाळाची दुपटी, झबली आणि धुतलेली लंगोटं ओळीनं वाळत घातली होती. भारानं तार चांगलीच झुकली होती.

"आई, ही फायबरची तार आहे. हिच्यात काच असते."

"काचेची? अगंबाई. मग चिमटे लाकडी घेते."

रात्री जेवताना मैत्रेयीनं ताटावर हात ठेवला. "बाबा, मी तिकडे डिलिव्हरी टेबलवर असणार, हा पुण्याला असणार, आणि तुम्ही इथे कोटेशन घेत बसणार. असाच प्लॅन आहे का? डबा कंपनीचाच घ्या. आणि वाणात राउटर द्या त्याला. डब्याच्या शेजारी ठेवतात ना, अँटेनावाला, तो. तो तर तुमच्या मालकीचा असेल."

तिला धाप लागली होती. भाऊसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग वरणाकडे पाहिलं. "अंशतः मंजूर," ते म्हणाले.

कंपनीच्या डब्यातच वायफाय असतं, वेगळ्या राउटरची काही गरज नाही, हे नचिकेतच्या जिभेवर आलं होतं. त्यानं वरून एक घास भात घातला.

समिती पुन्हा बाहेर पडली. चार अँटेनांचा पांढरा राउटर आला. दुपटी तारेवरून दोरीवर गेली. आणि रविवारी सकाळी, तपासणीच्या आदल्या दिवशी, राजबीर चक्क कंपनीचा डबा घेऊन आला. हिरव्या भोकात हिरवं टोक गेलं. टक्क असा आवाज झाला. दिवा लाल लुकलुकला, पिवळा लुकलुकला आणि मग शांतपणे हिरवा झाला.

नचिकेतनं लॅपटॉप तारेनं जोडला आणि ऑफिसचीच तपासणी स्वतः चालवून बघितली. पास. पुन्हा चालवली. पास. त्यानं मैत्रेयीला हाक मारली, दोघं त्या हिरव्या दिव्यापुढे उभी राहिली. मैत्रेयीनं त्याच्या दंडाला डोकं टेकवलं. तिच्या पोटात बाळानं लाथ मारली, ती त्याच्याही कोपराला लागली.

"हात नको लावू आता कशाला," ती म्हणाली.

"मी लावतच नाहीये."

हे खरं होतं. हात लावणारे स्वयंपाकघरात होते. तिथे अनारसे तळून झाले होते, पुरणाचे धोंडे वाफवून झाले होते, आणि चांदीचं ताट चिंचेनं घासून लख्ख केलेलं होतं.

जेवणं झाल्यावर नचिकेतला पाटावर बसवलं. अंगावर उपरणं, कपाळाला गंध. समोर ताटात तेहतीस अनारसे, मधोमध तुपाचं निरांजन. वाण हातात पडेपर्यंत पाटावरून उठायचं नाही, हे अलकाताईंनी आधीच बजावलं होतं. उठलं तर जावयाच्या आयुष्याला बरं नसतं, असं त्यांची आई सांगायची, आणि त्यांच्या आईचं सहसा खरं व्हायचं.

"आणा हो ते," अलकाताई म्हणाल्या.

भाऊसाहेब कोपऱ्याकडे निघाले.

"बाबा," नचिकेत पाटावरून म्हणाला, "राउटरचं खोकं आहे ना, ते ठेवा ताटात. ते पुरे."

"रिकामं खोकं? जावयाला?"

"मग आहे तिथंच असू दे. मी इथूनच नमस्कार करतो त्याला."

"जोडलेली वस्तू दान करत नाहीत, जावईबापू. आधी सोडवायची, हस्तांतरित करायची, मग तुम्ही जोडा तुमच्या हातानं. प्रक्रिया असते." आणि भाऊसाहेबांनी तिथल्या सगळ्या तारा एका मुठीत धरून उपटल्या. प्लगची उपटली, राउटरची उपटली, आणि त्या दोन्हींशी काही संबंध नसलेली फायबरचीही उपटली. हिरवा दिवा विझला.

"बाबा," मैत्रेयी उठायला गेली. पण नवव्या महिन्यात सोफ्यावरून उठणं हा एका माणसाच्या आवाक्यातला कार्यक्रम नसतो, आणि दुसरा माणूस पाटावर होता.

राउटर ताटात आला. कंपनीचा डबाही आला, एकटा कशाला ठेवायचा म्हणून. फायबरची तार कोपऱ्यातून ओढून ताटापर्यंत आणली. अलकाताईंनी राउटरला हळद लावली, कुंकू लावलं. चार अँटेनांना चार बोटं लावली. अक्षता वाहिल्या, त्या वरच्या जाळीतून आत पडल्या आणि आत कुठेतरी खुळखुळल्या. इथपर्यंत नचिकेतनं सोसलं. मग अलकाताईंनी तारेचं टोक हातात घेतलं.

"आई, तिला नको. प्लीज. तिच्या टोकाला नका लावू."

"डब्याला लावायचं आणि हिला नाही? सगळं हिच्यातूनच येतं म्हणता ना? मग मुख्य देवता तर हीच." आणि त्यांनी अनामिकेवर भरपूर कुंकू घेऊन ते त्या टोकावर दाबलं. त्या टोकाच्या मध्यावर केसाहून बारीक काचेचा ठिपका असतो, त्यावर धुळीचा कण बसला तरी नचिकेतच्या ऑफिसात लोक हळहळतात. इथे त्याच्यावर अख्खं सौभाग्य बसलं होतं. जिथून तार आत जाते, त्या डब्याच्या भोकालाही त्यांनी आठवणीनं एक बोट लावलं.

नचिकेत पाटावर मांडी घालून बसला होता. तोंडात धोंडा होता. निरांजन त्याच्याभोवती फिरत होतं.

"घ्या," भाऊसाहेबांनी ताट त्याच्या हातात दिलं. "आता तुमचं. जोडा."

त्यानं आधी चष्मा पुसायचं औषध आणि मऊ फडकं शोधून तारेचं टोक पुसलं, अगदी बाळाचं नाक पुसावं तसं. पण डब्याच्या भोकात कुंकू खोल गेलं होतं. तो कापूस शोधायला आत गेला तेवढ्यात भाऊसाहेबांनी मदत म्हणून त्या भोकात जोरात फुंकर मारली. ते त्या वेळी अनारसा खात होते. भोकात आता कुंकू होतं आणि खसखस होती.

टक्क. दिवा लाल.

"लाल शुभच की," अलकाताई म्हणाल्या, पण आवाज जरा उतरला होता.

राजबीरचा फोन बऱ्याच वेळानं लागला. मागे ढोलक वाजत होतं. "सर, आज तो संडे है. कल गाँव में भंडारा है. परसों पक्का. डब्बे में क्या गया, सर?"

"कुंकू. वो... रोली."

"रोली? डब्बे में?" राजबीरनं मागचं ढोलक थांबवायला सांगितलं. मग आदरानं म्हणाला, "चलो, शुभ हो, सर."

सोमवारी अकराला तपासणी सुरू झाली आणि तिनं विचारायचं ते विचारलं. वायर्ड कनेक्शन सापडलं नाही. पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा सापडलं नाही. मग पुण्याहून शिवांगीचा फोन आला. ती त्याची टीम लीड, चांगली मुलगी, त्याच्या लग्नात मैत्रेयीच्या मेंदीला रांगेत बसलेली.

"नचिकेत, दिवा कुठला आहे?"

"लाल."

"काल तर पास दाखवत होतं. काय झालं मधे? मला कारण लिहावं लागेल, यार."

नचिकेतनं कोपऱ्यात पाहिलं. भाऊसाहेब डब्याशेजारी वेताचा बुटका मोडा टाकून बसले होते आणि जणू लहान मूल तापलं असावं तसा दर थोड्या वेळानं डब्याला हात लावून बघत होते. अलकाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, पदर बोटाला गुंडाळत.

"कुंकू," तो हळू म्हणाला.

पलीकडे कीबोर्डचा आवाज आला.

"हार्डवेअर कंटॅमिनेशन लिहिते," शिवांगी म्हणाली. "सिस्टीम ऑटो आहे रे. माझ्या हातात असतं तर... परवापर्यंत ये."

तो निघाला त्या सकाळी मैत्रेयी दारापर्यंत आली. "आईशी भांडले नाही मी," ती म्हणाली. "ती रात्रभर रडत होती. तुझं चांगलं व्हावं म्हणूनच केलं ना तिनं, आता काय भांडणार." मग ती रडली, आणि नचिकेतला दोन्ही हातांत पिशव्या असल्यामुळे डोळे पुसता आले नाहीत, तिचेही नाहीत, स्वतःचेही नाहीत. एका पिशवीत अनारसे होते. दुसरीत राउटर. दिलेलं वाण देणाऱ्याच्या घरी ठेवत नाहीत, असं भाऊसाहेबांचं म्हणणं पडलं. टॅक्सीत बसल्यावर खड्ड्याखड्ड्याला आतल्या अक्षता खुळखुळत होत्या.

राजबीरनं त्याच दुपारी डबा बदलून दिला, हे मागाहून कळलं. हिरवा दिवा लागला तो लागलाच.

बाळानं तारखेपर्यंत थांबायचं कबूल केलेलं नव्हतं. एका दुपारी नचिकेत मीटिंगमध्ये असताना मैत्रेयीचा मेसेज आला, "निघालो हॉस्पिटलला." त्यानं संध्याकाळच्या विमानाचं तिकीट काढलं आणि मग फोन उशाशी घेतल्यासारखा टेबलावर समोर ठेवून बसला. अलकाताईंचा लागेना, मैत्रेयीचा बंद. हॉस्पिटलच्या त्या मजल्यावर रेंज नसते, हे त्याला आधीच सांगितलेलं होतं. बऱ्याच वेळानं व्हिडिओ कॉल आला. भाऊसाहेब.

चित्र इतकं स्वच्छ होतं की त्यांच्या मिशीतला एकेक पांढरा केस मोजता आला असता.

"जावईबापू, अभिनंदन. मुलगी."

नचिकेत खुर्चीतून उठला. "मैत्रेयी?"

"सुखरूप. दोघी सुखरूप."

"दाखवा ना, बाबा."

"दाखवतो. आधी हे सांगा, चित्र कसं येतंय? अडकत नाही ना?"

"नाही, नाही. बाळ कुठाय?"

"बाळ हॉस्पिटलात."

नचिकेतनं सासऱ्यांच्या मागे पाहिलं. मागे निळे पडदे होते.

"तुम्ही घरी आहात?"

"अहो, तिथे आवाज फाटतो, चित्र थांबतं. एवढी मोठी बातमी जावयाला तुटक तुटक सांगायची? मी खास रिक्षा करून घरी आलो. म्हटलं फायबरवरूनच सांगावी." ते कोपऱ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्यासाठीच घेतलंय ना हे."

"कशी आहे ती?"

भाऊसाहेबांनी डोळे मिटले. "रंग मैत्रूचा. कपाळ आमचं. नाक तुमचं आहे, त्याला इलाज नाही. मूठ अशी घट्ट आवळलीये. रडते मात्र खणखणीत."

"फोटो काढलात?"

"फोटो," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी डोळे उघडले. "राहिलाच की. घाईत निघालो. थांबा, पण हे बघा."

चित्र गरकन फिरलं. छत, पंखा, पडदे, आणि मग कोपरा. डब्याला अलकाताईंनी पानिपतहून आणलेल्या गादीच्या कापडाचं कव्हर शिवलं होतं, फ्रिजच्या कव्हराला जुळणारं. कव्हराला पुढून एक गोल खिडकी कापली होती, तिला बारीक लेस लावली होती, आणि त्या खिडकीतून हिरवा दिवा बघत होता.

"एकदाही विझला नाही," भाऊसाहेबांचा आवाज मागून आला. "दिसतोय ना नीट?"

"दिसतोय, बाबा," नचिकेत म्हणाला. विमानाला अजून अवकाश होता. तो त्या दिव्याकडे बघत बसला.